आंतरभाषिक बालमैत्री

घरची भाषा आणि चालीरीती वेगळ्या असलेल्या मुलांची लहानपणी, साधारण तीन ते बारा वर्षांच्या दरम्यान, जमणारी गट्टी. शेजार, पाळणाघर, शाळा, मैदान, निर्वासितांची छावणी, कुठेही ती जमते आणि कशी दिसते ते सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे ते वर्णन इथे लांबवत नाही.

अभ्यासाची सुरुवात: श्रेय बहुतेक वेळा गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला दिलं जातं. १९५४ मध्ये त्याने मांडलं की वेगळ्या गटातली माणसं एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतात, पण त्यासाठी दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि अधिकार असलेल्यांचा पाठिंबा हवा. पण अशीच विधानं रॉबिन विल्यम्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच करून ठेवली होती, आणि वर्गात कोण कोणाला दोस्त म्हणून निवडतं याचे नकाशे तर जेकब मोरेनोने १९३४ पर्यंत काढलेले होते, म्हणून १९५४ हा आरंभ धरणं जरा घाईचं वाटतं. शिवाय या तिघांचा भर वंश, धर्म, गट यांच्यावर होता, भाषा बाजूलाच राहिली. मैत्री हा मुद्दा मध्यभागी आला तोही थॉमस पेटिग्रूच्या १९९८ च्या मांडणीत. भाषेच्या अंगाने बघायचं तर मुलं दुसरी भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक लिली वाँग फिलमोर यांचा १९७६ चा प्रबंध हीच खरी सुरुवात मानणं जास्त पटतं.

भाषेशिवाय गट्टी कशी जमते: वाँग फिलमोर यांनी स्पॅनिश बोलणारी पाच मुलं घेतली, प्रत्येकाला इंग्रजी बोलणारा एक सवंगडी जोडून दिला, आणि शाळेचं जवळपास वर्षभर त्यांचं खेळणं नोंदवलं. त्यातून दिसलं ते फार सुंदर आहे. नवखं मूल आधी भाषा शिकून मग खेळायला जात नाही, ते सरळ घोळक्यात घुसतं, सगळं कळतंय असं दाखवतं, दोन-चार तयार वाक्यं उचलतं, ती जमतील तिथे वापरत सुटतं आणि बाकीचं दोस्तावर सोडून देतं. दोस्तही त्याला समजतंय असं गृहीत धरून हातवारे करत, सोपं करून बोलत राहतो. या गृहीतामुळेच बोलणं चालू राहतं. काही मुलं मध्ये कित्येक आठवडे, कधी काही महिने नुसती गप्प असतात, याला मौनकाळ म्हणतात. त्या काळात मोठ्यांनी घाबरून मुलाला बोलायला भाग पाडू नये, खेळात असलेलं मूल गप्प असलं तरी शिकत असतं.

याच्या उलट वाटणारा पुरावा कॅथरीन किंझलर आणि सहकाऱ्यांचा आहे. २००७ च्या त्यांच्या प्रयोगांत पाच-सहा महिन्यांची बाळंसुद्धा आपली भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडे जास्त वेळ बघत होती, आणि २००९ मध्ये असं दिसलं की पाच वर्षांची गोरी अमेरिकन मुलं दोस्त निवडताना परक्या उच्चाराच्या गोऱ्या मुलापेक्षा आपल्यासारखा उच्चार असलेलं काळं मूल निवडतात, म्हणजे उच्चाराची भिंत रंगाच्या भिंतीपेक्षा उंच निघाली. निष्कर्ष पक्के आहेत, पण ती निवड अनोळखी फोटो आणि आवाज यांच्यातली होती, बरोबर खेळलेल्या मुलांमधली नव्हती. त्यामुळे वाँग फिलमोर यांच्या निरीक्षणाला त्याने धक्का बसत नाही.

नव्या भाषेचा वाद: डेरेक बिकर्टन या भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की हवाईतल्या मळ्यांवर नाना देशांच्या मजुरांची मुलं एकत्र वाढली आणि मोठ्यांच्या मोडक्यातोडक्या बोलीतून त्यांनीच एका पिढीत पूर्ण व्याकरणाची क्रिऑल, म्हणजे अनेक भाषांच्या मिसळीतून जन्मलेली नवी भाषा घडवली. सेरा रॉबर्ट्स यांनी जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं की तिथे जन्मलेली पहिली पिढी आईवडिलांच्या भाषाही बोलत होती आणि नवी भाषा बसायला बहुधा दोन पिढ्या लागल्या. कागदोपत्री आधार रॉबर्ट्स यांच्या बाजूने जास्त आहे. पण मुलांचा वाटा दोन्ही मतांत राहतोच.

परिणाम: पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, बहुतेकांत संपर्क वाढला तिथे पूर्वग्रह कमी होते. मात्र मैत्रीमुळे मन मोकळं होतं की मोकळ्या मनाची मुलंच मैत्री करतात? जर्मनी, बेल्जियम, इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचा सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा केलेला अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात दोन्ही खरं निघालं. पण अल्पसंख्य मुलांवर संपर्काचा चांगला परिणाम जवळजवळ दिसलाच नाही, आणि ही गोष्ट गौरवाच्या भाषणांत नेहमी गाळली जाते, ती गाळू नये.

टिकाऊपणा: वय वाढतं तशी अशी मैत्री विरळ होते. एकाच शाळेत घातलं म्हणून मुलं मिसळत नाहीत, जेम्स मूडी यांच्या २००१ च्या अभ्यासात तर मध्यम मिश्रणाच्या शाळांतच गट जास्त फुटलेले दिसले. एलियट ॲरन्सन याने १९७१ मध्ये ऑस्टिन इथे धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक वाटून दिला, म्हणजे इतरांचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही. असे उपाय उपदेशापेक्षा कामाचे वाटतात.

घरची भाषा: दोस्तांची भाषा पटकन येते तशी घरची मागेही पडू शकते. १९९१ मध्ये वाँग फिलमोर यांनीच हा इशारा दिला, फार लहान वयात सगळं इंग्रजीतच सुरू झालेल्या मुलांच्या घरी आईवडिलांशी नीट बोलणंच कमी होत गेल्याचं त्यांना दिसलं होतं.