कांदाचाळ

कांदाचाळ : उन्हाळी (रब्बी) कांदा काढणीनंतर चार ते सहा महिने टिकवून ठेवण्यासाठी शेतात किंवा वस्तीलगत उभारलेला लांबट, अरुंद आणि फटींच्या भिंतींचा निवारा. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सोलापूर व धुळे या जिल्ह्यांत तो विशेष आढळतो. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास बाजारात येणारा उन्हाळी कांदा बहुतांशी चाळीतूनच निघालेला असतो.

चाळ या शब्दाला मराठीत ओळीने बांधलेल्या खोल्यांची इमारत आणि नर्तकाच्या पायातील घुंगरांची माळ असे दोन अर्थ आहेत. दोन्हींत ‘ओळ’ ही कल्पना समान आहे. भिंतींतील फटींमुळे ‘चाळणे’ या क्रियापदाशीही नाव जोडता येईल, परंतु लांबच लांब एकसारखे कप्पे पाहता इमारतीचा अर्थच मूळचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

महाराष्ट्रात कांदा खरीप, रांगडा (उशिराचा खरीप) आणि रब्बी अशा तीन हंगामांत घेतात. खरीप व रांगडा कांदा बाजारात ‘लाल कांदा’ म्हणून ओळखला जातो. त्यात पाण्याचा अंश जास्त आणि मान (कंद व पात यांमधला भाग) जाड असल्याने तो लवकर विकावा लागतो. मार्चअखेर ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदाच चाळीत भरतात. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती हे वाण टिकवणक्षमतेसाठी ओळखले जातात.

मातीबाहेर काढलेला कांदाही जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता व बाष्प बाहेर टाकतो आणि काही काळ सुप्तावस्थेत राहतो. ही सुप्तावस्था दोन टोकांना टिकते: ० ते २ अंश सेल्सिअसच्या थंडीत, किंवा २५ ते ३० अंशांच्या उबेत. मधल्या, विशेषतः १० ते २० अंशांच्या पट्ट्यात कांद्याला कोंब फुटतात. चाळीचे सारे तंत्र या दुसऱ्या टोकावर उभे आहे. नाशवंत माल म्हणजे शीतगृह हे समीकरण येथे लागू पडत नाही, आणि चाळीला शीतगृहाची गरिबांसाठीची आवृत्ती समजणे चुकीचे आहे. आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी लागते; ती वाढली तर बुरशी येते व मुळे फुटतात, फार उतरली तर पत्ती (कांद्याची वरची कोरडी साल) सुटते आणि वजन घटते. यामुळे एकाच साठ्यावर तीन ऋतूंचे तीन निरनिराळे आघात होतात. एप्रिल-मेच्या उन्हात वजन घटते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड वाढते आणि ऑक्टोबरनंतर रात्री गार होऊ लागल्या की कोंब येतात.

रचनेच्या दृष्टीने चाळी एकपाखी व दोनपाखी अशा दोन प्रकारच्या असतात. एकपाखी चाळीत सुमारे चार फूट रुंदीचा एकच कप्पा असतो. दोनपाखीत असे दोन कप्पे व मधे ये-जा करण्याइतकी मोकळी वाट असते. जुन्या चाळी बांबू, तुराट्या आणि उसाचे पाचट यांच्या असत आणि कांदा थेट जमिनीवर रचला जाई. सुधारित चाळीत तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उचलून फळ्यांमध्ये फटी ठेवतात. हा बदल सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल, कारण ढिगातील गरम हवा वर जाते तेव्हा तिची जागा घेणारी हवा खालूनच यावी लागते. ढिगाची उंची चार ते पाच फुटांपेक्षा जास्त नसावी. अन्यथा तळचा कांदा दबतो आणि मधला भाग तापतो. छपरास मंगळुरी कौले उत्तम; पत्रे घातल्यास ते बाहेरून पांढरे रंगवावेत व वर पाचट पसरावे.

चाळीच्या दिशेविषयी मात्र एकवाक्यता नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर व दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी, अशी शिफारस सामान्यतः केली जाते. दक्षिणोत्तर चाळीची लांब बाजू पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला आडवी येते आणि वारा अरुंद ढिगातून आरपार जातो. पण याच बाजूवर दुपारनंतरचे तिरपे ऊन पडते. पूर्व-पश्चिम चाळीत ही अडचण उरत नाही, कारण २० अक्षांशावरील नाशिकमध्ये मेच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि लांब भिंतींना ऊन कमी लागते. दोनपाखी चाळीत मधली वाट हवा खेळवते, म्हणून तिला वाऱ्यासमोर आडवे उभे राहण्याची निकड तेवढी नाही. एकच दिशा सर्वत्र लावणाऱ्यांपेक्षा कप्प्याच्या रुंदीनुसार दिशा ठरवणाऱ्यांचा पक्ष अधिक समाधानकारक दिसतो, मात्र लगतची झाडे व इमारती वारा अडवत असतील तर दोन्ही नियम निष्प्रभ ठरतात.

कांद्याचे आयुष्य चाळीत जाण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते. सुमारे निम्म्या माना पडल्यावर काढणी करतात. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात. काढलेला कांदा एका ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात येईल अशा रीतीने तीन ते पाच दिवस वाफ्यातच सुकवतात. नंतर तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात व कांदा आणखी काही दिवस सावलीत ठेवतात. मान पिळून बंद झाली की रोगजंतूंची वाट बंद होते. अगदी कंदालगत कापलेला कांदा उघड्या जखमेसह चाळीत जातो. जोड कांदा, डेंगळे (फुलांचे दांडे) आलेला आणि जाड मानेचा कांदा वेगळा काढावा लागतो.

साठवणीतील नुकसान वजनघट, सड व कोंब या तिन्हींचे मिळून होते. चार-पाच महिन्यांत ते ३० ते ४० टक्क्यांपर्यंत, सदोष चाळीत त्याहूनही अधिक जाते. काळ्या बुरशीची काजळी पत्तीखाली धरते, मानकूज वरून व तळकूज मुळाकडून शिरते. जिवाणूजन्य मऊ सड सर्वांत घातक असते: एक कांदा पाणी सोडू लागला की त्याचा रस खालच्या कांद्यांवर झिरपतो आणि ढिगात हात घातल्यास तेवढाच पट्टा कोमट लागतो. उग्र वास येईपर्यंत बराच माल गेलेला असतो. चाळ भरण्यापूर्वी ती झाडून निर्जंतुक करणे योग्य आहे. परंतु कांदा टिकवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भुकट्या थेट मालावर धुरळणे टाळावे, कारण हा खाण्याचा जिन्नस आहे.

राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने (१९९४ मध्ये नाशिक येथे राष्ट्रीय केंद्र म्हणून स्थापना, १९९८ मध्ये स्थलांतर) चाळीच्या सुधारित आराखड्यांचा पुरस्कार केला. अनुदान योजनांमुळे ५ ते २५ टन क्षमतेच्या चाळींचा प्रसार झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे २००२ मध्ये उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखता येतात. त्यासाठी मात्रा अत्यल्प लागते, पण कांदा सुप्तावस्थेत असतानाच ती द्यावी लागते. या प्रक्रियेने सड व वजनघट थांबत नाही, त्यामुळे ती चाळीला पर्याय नसून पूरक आहे. शीतगृहातून काढलेला कांदा उबदार हवेत लवकर कोंबारतो व त्यावर दव धरते, हीही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

चाळ फोडल्यावर माल निवडून, गोल्टी (लहान कांदा) व खाद (खराब माल) वेगळी करून ट्रॅक्टरने मोकळाच बाजार समितीत लिलावास नेतात. पुढचा प्रवास गोण्यांतून, मालमोटारीने किंवा रेल्वेने होतो. देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी सुटली. पावसात ताडपत्री चहूबाजूंनी आवळल्यास बाष्प कोंडते आणि चाळीत महिनोन् महिने राखलेला कांदा वाटेतच ओला होतो. म्हणून गोण्या जाळीदार असाव्यात व थरांमध्ये हवेला वाट ठेवावी.