ॲल्युमिनियमचे पर्यायी खनिजस्रोत (नागपूर परिसर)

बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या मुख्य धातुकाखेरीज ज्या खनिजांत, खडकांत वा राखेत ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड, Al₂O₃) भरपूर असतो त्यांना ॲल्युमिनियमचे पर्यायी स्रोत म्हणतात. महाराष्ट्रातील बॉक्साइट मुख्यतः कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग भागांतील जांभ्याशी निगडित आहे. नागपूरला जवळ पडतात ती भंडारा जिल्ह्यातील कायनाइट–सिलिमनाइट खनिजे आणि कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांची राख.

कायनाइट व सिलिमनाइट यांचे सूत्र एकच (Al₂SiO₅), स्फटिकरचना वेगळी. शुद्ध खनिजात ॲल्युमिना सु. ६३ टक्के भरतो. दहेगाव–पिंपळगाव, गिरोला व पोहरा येथील साठे साकोली शैलसमूहाच्या परिसरात आढळतात. हे खडक कॅम्ब्रियनपूर्व, बहुधा प्रोटेरोझोइक (सु. २५० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील असावेत. साठ्यांच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ॲल्युमिनायुक्त चिकणमाती गाळाचे, कदाचित प्राचीन जांभ्यासारख्या मातीचेही, उष्णता व दाबाखाली रूपांतरण झाले. दुसरे मत जलतापीय विद्रावांना (भूगर्भातील तप्त, खनिजयुक्त पाण्याला) महत्त्व देते. तोरमल्ली, पुष्कराज आणि बोरॉनयुक्त ड्युमॉर्टिराइट यांचे सान्निध्य त्याला पोषक आहे, कारण बोरॉन व फ्ल्युओरीन बाहेरून आल्याशिवाय ही सोबत समजावणे कठीण जाते. तथापि सुभाजेच्या (शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांसारखा सुटणाऱ्या रूपांतरित खडकाच्या) पट्ट्यांना समांतर जाणारी थरांची मांडणी पाहता मूळ द्रव्य गाळाचे व विद्रावांचा परिणाम नंतरचा, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

इतका ॲल्युमिना असूनही धातूसाठी कायनाइट सोयीचे नाही. बॉक्साइटापासून ॲल्युमिना काढण्याच्या बायर प्रक्रियेत (१८८८) कॉस्टिक सोड्यात विरघळणारी हायड्रॉक्साइडे लागतात. कायनाइट अम्लालाही सहसा दाद देत नाही. सु. १,३५० °से.च्या आसपास ते म्युलाइट (उच्च तापमानाला टिकणारे ॲल्युमिनियम सिलिकेट) व सिलिका यांत बदलते. भट्ट्यांच्या उच्चतापसह विटांना हाच गुण उपयोगी पडतो आणि खनिजाची मागणीही तिथूनच येते.

राखेची बाजू याहून बरी. देशी कोळशात राख पुष्कळ, आणि राखेत ॲल्युमिना साधारणपणे चतुर्थांश ते तृतीयांश असतो. त्यातला बराच भाग म्युलाइटात अडकलेला असतो. त्यासाठी राख चुनखडीबरोबर भाजतात. ॲल्युमिनाचे कॅल्शियम ॲल्युमिनेट होते, तर सिलिका डायकॅल्शियम सिलिकेटात जाते. थंड होताना या सिलिकेटाची स्फटिकरचना बदलून फुगवटा येतो व ढेप आपोआप भुगा होते, दळणाचा खर्च वाचतो! भुग्यातून सोड्याच्या विद्रावाने ॲल्युमिना काढतात. उरलेला चोथा सिमेंटाला चालतो. पोलंडमध्ये ही पद्धत ग्झिमेक यांच्या नावाने ओळखली जाते. चुनखडीचे पट्टे व सिमेंट कारखाने चंद्रपूर–यवतमाळ बाजूला असल्याने विदर्भात तिचा हिशेब इतरत्रच्या मानाने जुळू शकेल. मात्र चुनखडी खूप लागते, आणि भारतात बॉक्साइटाचा तुटवडा नसल्यामुळे ही पद्धत मागे पडते.

रशियात नेफेलीन या सोडियम-पोटॅशियमयुक्त ॲल्युमिनोसिलिकेट खनिजापासून ॲल्युमिना, सोडा, पोटॅश व सिमेंट एकत्र काढतात. भारतात नेफेलीन सायनाइट (नेफेलीनयुक्त अग्निज खडक) किशनगढ (राजस्थान) येथे आहे, विदर्भाच्या संदर्भात ते दूरचेच.

नागपूरजवळ वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र बॉक्साइट, ॲल्युमिना व लाल चिखल (बायर प्रक्रियेत उरणारा गाळ) यांवर काम करते. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही शहरातच आहे. कोळसा पट्ट्यातील अग्निमृत्तिका (उष्णता सहन करणारी, ॲल्युमिनायुक्त चिकणमाती) मात्र विटांत व मातीकामात खपते.