सोफ्याला बुटाचं पॉलिश? नको!

चामड्याचा सोफा विटला की बुटाचं पॉलिश चोळा, रंग परत येतो, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चकाकी येते, पण रंग टिकत नाही. पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण आणि रंगद्रव्य. बहुतेक सोफ्यांच्या चामड्यावर कारखान्यातच रंगाचा आणि वर संरक्षक थर असतो, त्यामुळे पॉलिश आत मुरत नाही. अंगाच्या उबेनं ते सुटतं आणि पांढऱ्या सलवारीला, उशीच्या अभ्र्याला लागतं. शिवाय हे मेण नीट निघालं नाही, तर पुढे खरा रंगही धरत नाही.

रंग बदलायचाच असेल तर चामड्यासाठीचा पाण्यात मिसळणारा रंग घ्या. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं (साफसफाईचं स्पिरिट) तेलकटपणा पुसा, बारीक सँडपेपर (घासायचा कागद) हलक्या हातानं फिरवा. मग स्पंजनं पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. घाईत दिलेला जाड थर, त्यावर कोणी बसलं की तडकू शकतो. शेवटी पारदर्शक संरक्षक थर हवाच. गडदावर फिकट रंग चढवणं फार कठीण, त्या वाटेला जाऊ नका.

आणि पापुद्रे सुटत असतील, खाली कापड दिसत असेल, तर ते बहुधा रेक्झिन आहे. त्याला रंग नको, नवं कव्हर शिवून घ्या.