गरम नारळपाणी आणि टाटाचे डॉक्टर

‘खोबऱ्याचे दोन-तीन पातळ काप कपात टाका, वर गरम पाणी ओता, रोज प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात.’ खाली नाव मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं. फॅमिली ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून उगवतोच.

खुलासा जुनाच आहे. टाटा मेमोरियलनेच २०१९ मध्ये सांगितलं, की डॉक्टर असं काही बोललेले नाहीत आणि या दाव्याला शास्त्रीय आधार नाही.

खरी मेख मेसेजमधल्या ‘अल्कलाइन’ (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं) या शब्दात आहे. खोबऱ्याने पाणी अल्कलाइन होतं आणि त्यानेच कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे! झालं तरी पोटात गेल्या गेल्या त्याची गाठ जठरातल्या आम्लाशी पडते. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे हे सांगणारा आकडा, तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान धरून ठेवतात. कपभर पाण्याने तो हलत नाही.

लिंबू आणि अननसाच्या नावानेही हेच फिरलंय. फळ बदलतं, मजकूर तोच, आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. कुठलं रुग्णालय असं सांगतं?

माझा राग नारळावर नाही. छातीत गाठ हाताला लागूनही एखादी बाई महिनाभर खोबऱ्याचे काप करत बसते, त्यावर आहे.