गोळीला पीळ किती हवा?

रायफलच्या नळीत डोकावलं तर पोलादात कोरलेले चर दिसतात. ते सरळ जात नाहीत, दोरीसारखा पीळ घेत जातात. गोळी या चरांत घट्ट आवळली जाते आणि पुढे सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागते. किती लांबीत एक फेरा पुरा होतो, तो त्या नळीचा ट्विस्ट रेट. 1:12 म्हणजे 12 इंचांत एक फेरा, 1:7 म्हणजे 7 इंचांत. आकडा लहान, तितका पीळ घट्ट.

फिरवायचं कशासाठी? टोकदार गोळीचं बरंचसं वजन मागच्या जाड भागात असतं, पण हवेचा जोर तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, टोकाकडे लागतो. टोक जरा तिरपं झालं की हवा ते आणखी कलंडवते. न फिरणारी गोळी त्यामुळे कोलांट्या खाऊ लागते आणि कागदाच्या निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. फिरत्या भोवऱ्याला मात्र धक्का दिला तरी तो पडत नाही, डुलत फिरत राहतो. गोळीचंही तेच. 1:7 च्या नळीतून सेकंदाला 940 मीटर वेगानं सुटलेली गोळी सेकंदाला सुमारे 5,300 फेरे घेते. मिनिटाचा हिशोब केला तर तीन लाखांच्या वर!

आता खरा प्रश्न. जड गोळीला घट्ट पीळ लागतो, असं सर्रास सांगितलं जातं. पण निर्णायक असते ती लांबी. जड गोळी बहुधा लांबही असते, म्हणून हा घोटाळा होतो. तांबं शिशापेक्षा हलकं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी लांब होते आणि वजन तेच असूनही तिला अधिक घट्ट पीळ लागतो.

इंग्लंडमधल्या वूलिच इथं तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. गोळी तिच्या व्यासाच्या किती पट लांब आहे ते पाहा आणि 150 ला त्या संख्येनं भागा. तितक्या व्यासांच्या अंतरात एक फेरा हवा. गोळी व्यासाच्या तिप्पट लांब असेल तर 50 व्यासांत, पाचपट असेल तर 30 व्यासांत. वेगवान गोळ्यांसाठी पुढे 150 ऐवजी 180 घेऊ लागले. आज याहून नेमकी गणितं आहेत, पण पहिल्या अंदाजाला हे सूत्र अजून चालतं.

वेग वाढवून पीळ कमी असल्याची भरपाई होते का? फारशी नाही, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. वेग दुप्पट केला की फेरे दुप्पट होतात, म्हणजे स्थिर ठेवणारा परिणाम चौपट. पण हवेचा कलंडवणारा जोरही चौपटच होतो. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. हवेची घनता मात्र अशी कटत नाही. उणे 40 अंशांना हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास पावपट अधिक दाट असते. अमेरिकेच्या एम-16 रायफलचा मूळ पीळ 1:14 होता. कडाक्याच्या थंडीत तो अपुरा पडतो असं दिसल्यावर 1960 च्या दशकात तो 1:12 केला गेला. पुढे लांब गोळ्या आल्या, तेव्हा एम-16ए2 साठी 1:7.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं इथंही घडतं. हवेच्या विरोधानं गोळीचा पुढचा वेग भराभर घटतो, फेरे मात्र सावकाश कमी होतात. म्हणून सुरुवातीला डुलणारी गोळी पुढे जाऊन सावरतेही. मग सरसकट घट्टच पीळ का देऊ नये? कारण गोळीच्या घडणीत केसभर असमतोल असला तरी जादा फेरे त्याचा परिणाम वाढवतात, आणि पातळ आवरणाची गोळी तर हवेतच फुटू शकते.

लांबी वाढतच गेली तर एका टप्प्यानंतर कोणताही पीळ पुरत नाही. लेपर्ड 2 सारख्या रणगाड्यातून गोळ्यासारखे डागले जाणारे चिलखतभेदी दांडे इतके लांब आणि बारीक असतात, की त्याची 120 मिलिमीटरची तोफ आतून गुळगुळीतच ठेवलेली आहे. तिथं फिरकीऐवजी बाणाच्या पिसांसारखे पंख काम करतात: हवेचा जोर गुरुत्वमध्याच्या मागे नेतात आणि दांडा सरळ ठेवतात.