ओल्या लाकडाचा चमचा आणि तंतूंची दिशा

लाकडी चमचा हाताने कोरायला बसलेल्या नवख्या माणसाला सर्वप्रथम आश्चर्य वाटते ते या गोष्टीचे, की एकाच लाकडावर एकाच धारदार सुरीने काम करताना एका बाजूने लोण्यासारखी ढलपी निघते आणि सुरी उलट फिरवली की तेच लाकूड फाटते, त्याच्या कपच्या उडतात. दोष हाताचा नसतो. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या लांबट, पोकळ पेशींचा गठ्ठा आहे. त्यांच्या भित्तिकांना ताकद देते सेल्युलोज आणि त्यांना सांधून ठेवते लिग्निन. तंतूंच्या लांबीत हा गठ्ठा ताणाला विलक्षण चिवट असतो, मात्र तंतूपासून तंतू विलग करायला त्या मानाने फारच थोडे बळ लागते. पाते तंतूंच्या पोटात शिरले, की ते कापण्याऐवजी पाचर होऊन पुढचे लाकूड चिरत जाते.

म्हणूनच जाणकार नेहमी ‘उतारावरून’ कापतो. चमच्याच्या खोलगट भागाची पाठ तासताना तो सर्वांत फुगीर जागेपासून सुरुवात करून एकदा टोकाकडे आणि एकदा दांड्याकडे जातो. आतली वाटी बाकदार पात्याच्या सुरीने कोरताना मात्र काठाकडून तळाकडे यावे लागते, आणि तळाशी दोन्हीकडचे उतार समोरासमोर भिडतात. इथे लांबीच्या दिशेने हट्ट धरला तर हमखास खरवड उठते. त्याऐवजी तंतूंना आडवे, लहान लहान काप घेत गेल्यास पाते तंतूंखाली शिरत नाही आणि तळ गुळगुळीत होतो. माझ्या मते या छंदातला सर्वांत सुंदर क्षण हाच: खरखरीत तळावर आडवा काप पडतो आणि त्या जागी ओलसर, चकचकीत पट्टा उमटतो, कारण पेशी चिरडल्या न जाता स्वच्छ छाटल्या गेलेल्या असतात.

सुके लाकूड सोडून ताज्या तोडलेल्या फांदीचा आग्रह धरण्यामागेही भौतिक कारण आहे. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत मोकळे आणि भित्तिकांमध्ये बांधलेले. काही जातींत तर या पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाहूनही अधिक भरते. बांधलेले पाणी भित्तिकांना मऊ ठेवते, त्यामुळे पात्याला जोर कमी लागतो. वाळताना आधी मोकळे पाणी निघून जाते आणि तोवर आकारात फरक पडत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला, की भित्तिका आकसू लागतात आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नगण्य असते, गाभ्याकडून सालीकडे थोडे असते, आणि वाढीच्या वलयांना धरून त्याच्या सुमारे दुप्पट असते. सहा सेंटीमीटर रुंदीचा चमचा वलयांच्या दिशेने कोरला, तर अनेक जातींत तो घरातल्या हवेला वाळेपर्यंत तीन-साडेतीन मिलिमीटरने अरुंद होतो. गाभा-साल या दिशेने कोरला तर जेमतेम दोन मिलिमीटरने. या दोन दिशांच्या ओढाताणीमुळेच अख्ख्या ओंडक्याला सालीपासून गाभ्यापर्यंत चीर जाते. चमच्यासाठी ओंडका उभा फोडून गाभा काढून टाकायचा तो याचसाठी, आणि या बाबतीत तडजोड करू नये असे मला ठामपणे वाटते. शिवाय तंतूंच्या उघड्या टोकांतून पाणी बाजूंच्या तुलनेत कित्येक पट वेगाने निघून जाते, म्हणून अर्धवट कोरलेला चमचा त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत ठेवतात. भोवतालची हवा दमट राहते, आतबाहेरच्या ओलाव्यात मोठी तफावत पडत नाही आणि चीर टळते.

दांडा आणि वाटी जुळतात ती मान सर्वांत नाजूक. चमच्याला बाजूने पाहिल्यावर दिसणारा बाक सरळ लाकडातून काढला, तर त्या जागी तंतू तिरके तुटतात आणि चमचा तिथेच मोडतो. नैसर्गिक वाक असलेली फांदी मिळाली तर तंतू बाकाबरोबरच वळतात. मग मान बरीच बारीक ठेवूनही चालते.

चमचा पूर्ण सुकला, की शेवटचा पातळ हात सुरीनेच फिरवावा. सॅंडपेपर पेशी खरवडतो आणि पहिल्या धुण्यातच अर्धवट सुटलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात. ज्यांना सॅंडपेपरच वापरायचा आहे त्यांनी चमचा मुद्दाम भिजवून, वाळवून पुन्हा घासावा. त्यानंतर जवसाचे तेल लावतात. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन रेणूंचे जाळे विणते आणि घट्ट होते; ‘उकळलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात मात्र बहुधा धातूंची संयुगे असतात, म्हणून खाण्याच्या भांड्याला शुद्ध तेलच घ्यावे. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर ती आत कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून चिंधी उलगडून उघड्यावर पसरावी आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाकून द्यावी.