स्प्रेड म्हणजे अंदाज नव्हे

"बुकींच्या मते आज अमुक टीम साडेतीन गुणांनी जिंकणार." अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांत हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की एकदा नीट लिहायचं ठरवलं. साडेतीन गुणांनी कुणी जिंकूच शकत नाही, त्या खेळात अर्धा गुण नसतोच. मग पैज लावण्यासाठी बुकी ठरवतात तो हा गुणफरकाचा आकडा, म्हणजे 'स्प्रेड', येतो कुठून?

आपल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्यात ऐकू येतो तो 'भाव'. कोण जिंकणार एवढाच प्रश्न असतो आणि तगड्या संघावर पैसे लावले तर सुटतात कमी. स्प्रेडमध्ये दोन्ही बाजूंचा भाव साधारण सारखाच असतो, बदलतो तो गुणांचा आकडा. तगड्या संघाला सुरुवातीलाच उणे साडेतीनचं ओझं दिलं जातं. तो चार किंवा जास्त गुणांनी जिंकला तरच त्याच्यावरची पैज जिंकते. तीनने जिंकला तर सामना त्याचा, पैज मात्र समोरच्याची.

आता अंदाज. तोही बुकीकडे असतोच आणि त्याची सुरुवात तिथूनच होते. प्रत्येक संघाच्या ताकदीला आकडा, घरच्या मैदानाचा थोडा फायदा, मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) जखमी असेल तर मोठी वजावट. त्यातून निघतं, की फरक सुमारे चार गुणांचा पडावा. हे झालं खेळाबद्दलचं मत. स्प्रेड ही त्या मतावर लोकांचा पैसा आदळल्यानंतर ठरणारी किंमत.

नेहमीचा दर असा: १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. दोन्ही बाजूंना एकेक गिऱ्हाईक आलं की गल्ल्यात २२०, जिंकणाऱ्याला परत २१०, उरले १०. म्हणून लावणाऱ्याला नुसतं निम्म्या वेळा बरोबर येऊन भागत नाही, साधारण ५२.४ टक्के वेळा जिंकावं लागतं. एका बाजूला पैसा फार साचला की बुकी आकडा सरकवतो. संघ तेच, अंदाज तोच, स्प्रेड मात्र वेगळा.

हे सरकवणं किती महागात पडू शकतं ते २१ जानेवारी १९७९ ला दिसलं. तेरावा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, मायामी, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. स्टीलर्स उणे साडेतीनवर होते. त्यांच्यावर पैसा कोसळला, म्हणून आकडा साडेचारपर्यंत चढवला. तिथे काउबॉइजवाले धावून आले. हिशेब जुळल्यासारखा वाटत होता. सामना संपत आला तेव्हा स्टीलर्स ३५-२४ ने पुढे होते. शेवटची २२ सेकंद उरली असताना डॅलसने सहा गुणांचं टचडाउन केलं, वरचा एक गुणही घेतला. ३५-३१. फरक नेमका चार! साडेतीनवर स्टीलर्स घेणारे जिंकले आणि साडेचारवर काउबॉइज घेणारेही जिंकले. नेवाडातल्या बुकींनी दोन्हीकडे पैसे मोजले. या धंद्यात तो दिवस आजही 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो. फरकाचा अंदाज म्हणून पाहिलं तर साडेतीन आणि साडेचार दोन्ही उत्तम होते. पंचाईत झाली ती किंमत बदलल्यामुळे.

म्हणूनच तीनच्या आकड्यावरून हलायला बुकी नाखूश असतात. फील्ड गोल तीन गुणांचा, त्यामुळे बरेच सामने तीनच्याच फरकाने सुटतात. तिथे ते स्प्रेड तसाच ठेवून भाव बदलतात: ११० ऐवजी १२० लावा.

दोन्ही बाजूंचा पैसा समसमान करणं एवढंच बुकीचं काम, हेही अर्धसत्यच. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी २००४ मध्ये दाखवलं, की बुकी कित्येकदा पैसा एकीकडे झुकलेला राहू देतात. लोकांना फेव्हरिट, म्हणजे तगडे मानले जाणारे, संघ जास्त आवडतात हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून फेव्हरिटवरचं ओझं जरासं वाढवून ठेवायचं. म्हणजे स्प्रेडमध्ये खेळाच्या अंदाजासोबत गिऱ्हाइकाच्या आवडीचाही अंदाज मिसळलेला असतो. टीव्हीच्या पट्टीवर उणे साडेसहा दिसलं, तर त्यातला किती भाग संघाचा आणि किती त्याच्या चाहत्यांचा, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.